पोरगं जर्मनीला चाललं, मग दवाखान्याचं कसं?

हल्ली जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर कुठेही जा, गल्लीत एखादं तरी पोरगं नाहीतर पोरगी जर्मनीच्या तयारीत असतेच. कोणी एमएस करायला, कोणी नर्सिंगला, कोणाला आयटीत डायरेक्ट जॉब लागलाय. जर्मन भाषेचा बी-वन लेव्हलचा क्लास लावलाय, ब्लॉक अकाउंटला, म्हणजे व्हिसासाठी तिकडच्या खर्चाचे पैसे आधीच दाखवायच्या खात्याला, एका वर्षाचे ११,९०४ युरो लागतात ते घरात सगळ्यांना पाठ झालंय, बापाने केळीच्या पट्टीचे पैसे बाजूला ठेवलेत नाहीतर बँकेत लोनची फाईल टाकलीये. आणि मग ओट्यावर बसलेली आजी एकदम मुद्द्याचं विचारते, तठे आजारी पडना ते कोन देखी, पैसा कोन भरी?

एजंट लोक याचं उत्तर एका वाक्यात देऊन टाकतात, "इन्शुरन्स कंपलसरी आहे काका, आम्ही काढून देतो." खोटं नाही ते. पण कोणता इन्शुरन्स, सरकारी पद्धतीचा का प्रायव्हेट, हे तिथे कोणी नीट सांगत नाही आणि घरचेही विचारत नाहीत, कारण आपल्या डोक्यात इन्शुरन्स म्हणजे पॉलिसी, एक काढली की झालं. माझा लहान भाऊ बरीच वर्षं तिकडे आहे त्यामुळे ओळखीतले लोक मलाच फोन करतात, आणि प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

आधी मूळ गोष्ट. आपल्याकडे दवाखान्याचा खर्च दोन-तीन रस्त्यांनी निघतो. एक म्हणजे खिशातून. दुसरा महात्मा फुले योजना, तिथे पहिला प्रश्न "योजनेत बसतं का?", म्हणजे तो आजार, ते ऑपरेशन, तो दवाखाना यादीत आहे का. तिसरा मेडिक्लेम. जर्मनीची पद्धत या तिघांसारखी नाही. त्यातल्या त्यात जवळचं काही असेल तर ते आपलं ईएसआयसी, कामगारांचा सरकारी विमा. एमआयडीसीत काम केलेल्या माणसाला हे लगेच कळेल. पगारातून कामगाराचे ०.७५ टक्के कटतात, मालक ३.२५ टक्के घालतो, आणि मग त्या कार्डावर कामगाराला आणि घरच्यांना उपचार मिळतात, तुमचं वय काय, शुगर आहे का, आधी ऑपरेशन झालंय का असलं काही विचारत नाहीत. जर्मनीतही तत्त्व हेच, फक्त टक्के खूप मोठे आणि जवळजवळ सगळा देश त्यात. ईएसआयसीत पगार २१,००० च्या वर गेला की तुम्ही बाहेर. तिकडे मात्र पगार ठराविक आकड्याच्या वर गेला तरी बाहेर काढत नाहीत, फक्त "आता हवं असेल तर प्रायव्हेटला जा" अशी मुभा मिळते. २०२५ साली तो आकडा वर्षाला ७३,८०० युरो होता.

ही पद्धत १८८३ सालची आहे, जर्मनीचा तेव्हाचा चॅन्सलर बिस्मार्क याच्या काळातली. पैसे सरकारच्या तिजोरीत थेट जात नाहीत, त्यासाठी वेगळ्या संस्था आहेत, त्यांना क्रांकेनकासे म्हणतात, पुढे सरकारी विमा म्हणतोय तो यांच्याकडचाच. अशा ९० हून जास्त कासे आहेत, एओके, टीके, बार्मर, डीएके ही त्यातली मोठी नावं. नफा कमवायला त्या नाहीत, आणि कोणते उपचार द्यायचे ते बहुतेक सगळं कायद्यानेच ठरलेलं आहे, म्हणून कासे निवडताना फार डोकं लावायची गरज नाही, इंग्रजीत बोलतात का आणि मूळ टक्क्यांवर त्यांचा स्वतःचा जादा टक्का किती एवढं बघितलं तरी पुष्कळ. देशाची लोकसंख्या आठ कोटीच्या थोडी वर, त्यातले साधारण साडेसात कोटी लोक यात आहेत. बाहेरून आलेला माणूस आणि तिथला माणूस यात रेटचा फरक नाही. कार्ड तेच, डॉक्टर तेच, रांग पण तीच.

पण पासपोर्ट दाखवला आणि कार्ड मिळालं असंही नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. तुम्ही तिथे कोण म्हणून आहात यावर सगळं ठरतं. विद्यार्थी का, नोकरदार का, नोकरदाराची बायको किंवा नवरा का, नोकरी शोधणारा का, भाषा शिकायला आलेला का. प्रत्येकाचा दरवाजा वेगळा, रेट वेगळा. आणि तुमचा प्रकार बदलला की ते तुम्ही होऊन कळवायचं असतं, आपोआप सगळं होईल या भरवशावर बसलं की घरी पत्र येतं. तिकडे पत्र म्हणजे अजूनही कागदाचं पत्र, पेटीत पडणारं, आणि ते उघडलं नाही म्हणून कोणी माफ करत नाही.

आधी विद्यार्थ्यांचं घेऊ, कारण आपल्याकडून तेच जास्त जातात.

युनिव्हर्सिटीत ॲडमिशन घेतलेला तिशीच्या आतला विद्यार्थी सरकारी विम्यात स्वस्त रेटने बसतो. हा रेट त्याच्या खऱ्या उत्पन्नावर नसतो, तिथल्या सरकारी स्कॉलरशिपचा जो ठरलेला आकडा आहे, महिना ८५५ युरो, त्यावर टक्के लावून काढतात. त्यात दीर्घकाळच्या सेवाशुश्रूषेचा विमा, म्हणजे म्हातारपणी किंवा अंथरुणाला खिळल्यावर लागणाऱ्या देखभालीचा, तोही जोडलेला असतो, तो वेगळा काढता येत नाही. २०२५ च्या हिशोबाने सगळं मिळून महिना १४० ते १४५ युरोच्या घरात जात होतं, कासेप्रमाणे थोडं इकडे तिकडे. बाप लोकांना हा आकडा ऐकून धक्का बसतो, कारण रुपयात केला तर इथल्या वर्षभराच्या मेडिक्लेमएवढे पैसे तिकडे एकदोन महिन्यात जातात. आणि नेमकं याच वेळेस कोणीतरी कानात सांगतं की प्रायव्हेटमध्ये तीस-चाळीस युरोत होतं, कशाला एवढे भरता.

इथे थांबा. घाई करू नका. असं प्रायव्हेट घ्यायचं असेल तर आधी सरकारी विम्यातून सूट मागावी लागते, तिची मुदत तीन महिने, आणि एकदा सूट घेतली की ती त्या पूर्ण शिक्षणासाठी पक्की, मध्येच मन बदललं, पोटाचं काही निघालं, "आता परत घ्या हो" म्हटलं तरी घेत नाहीत. त्यात स्वस्तातल्या बऱ्याच पॉलिस्या मुळात प्रवाशांसाठी असतात, आधीपासूनचा आजार त्यात चालत नाही, दातांना मर्यादा, मानसिक आजाराला मर्यादा, बाळंतपणाला वेटिंग, आणि बिल आधी तुम्ही भरायचं मग क्लेम करत बसायचं. दुसरी अडचण अजून पुढे आहे जी ॲडमिशनच्या वेळेस कोणाच्या लक्षातच येत नाही. डिग्री संपली आणि नोकरी शोधायचा दीड वर्षाचा परवाना घेतला, तेव्हा सरकारी विम्यात स्वतःहून राहायचं म्हटलं तर आधी तुम्ही त्यात असायला हवे, लागोपाठ मागचे १२ महिने नाहीतर मागच्या पाच वर्षांत २४ महिने. प्रायव्हेटवाल्याकडे ते नसतं. म्हणजे नोकरी लागेपर्यंत तो बाहेरच. नोकरी लागली की मात्र दरवाजा उघडतो, वर सांगितलेल्या आकड्याच्या आतला पगार असेल तर तो आपोआप सरकारी विम्यात येतो, त्यामुळे जन्माचं नुकसान झालं वगैरे घाबरवणाऱ्यांचंही ऐकू नका. पण मधला काळ अवघड जातो, आणि तोच काळ असा असतो की खिशात पैसे नसतात.

माझं मत विचाराल तर तिशीच्या आतल्या पोराने दुसरा विचारच करू नये, सरकारीच घ्यावा. महिन्याला शंभर युरो वाचवायला जाऊन पुढची दोन-तीन वर्षं बांधून घेण्यात काही अर्थ नाही.

तिशी ओलांडलेल्यांचं वेगळं आहे. आपल्याकडे काही जण आठ-दहा वर्षं नोकरी करून मग मास्टर्सला जातात, त्यांना स्टुडंट रेट मिळत नाही. युरोपबाहेरून नवीन आलेल्या, तिशी ओलांडलेल्या माणसाला सरकारी विम्यात शिरायला सहसा रस्ताच नसतो, त्यामुळे त्याला प्रायव्हेटच घ्यावा लागतो आणि तो घेताना पॉलिसीचे कागद नीट वाचून घ्यावे लागतात. जो आधीपासून स्टुडंट रेटवर होता आणि शिकता शिकता तीस पूर्ण झाली, तो मात्र ऐच्छिक सभासद म्हणून आत राहू शकतो, फक्त रेट वाढतो, २०२५ मध्ये कमाई नसलेल्याला अडीचशे युरोच्या आसपास. डिग्रीनंतर नोकरी शोधणाऱ्यालाही साधारण तेवढेच. म्हणून ज्याला शेवटच्या सेमिस्टरला नोकरी लागलेली नाही त्याने हे पैसे आधीच धरून ठेवावे.

अजून एक फट आहे, ती भाषा शिकणाऱ्यांची. नुसता जर्मनचा कोर्स करायला गेलेल्या पोराला विद्यार्थी धरत नाहीत, ॲडमिशन पक्की झाल्याशिवाय स्टुडंट रेट लागू होत नाही. युनिव्हर्सिटीचं हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबरला सुरू होतं, काही कॉलेजांचं १ सप्टेंबरला, आणि सरकारी विमा सेमिस्टर सुरू झाल्यावर आणि ॲडमिशन पूर्ण झाल्यावरच चालू होतो. पोरगं ऑगस्टमध्येच उतरलं, रूम शोधायची म्हणून लवकर गेलं, तर मधल्या आठवड्यांचं काय? त्यासाठी छोटी ट्रॅव्हल पॉलिसी लागते, व्हिसाच्या फाईलमध्येही उतरल्या दिवसापासूनचा विमा दाखवावाच लागतो. इथे ट्रॅव्हल पॉलिसी घेणं बरोबर आहे, चुकीचं नाही. फक्त ती संपायच्या आत सरकारी विमा चालू झाला पाहिजे.

प्रत्यक्ष कसं करायचं ते सांगतो. हे इथून जळगावला बसूनही सुरू करता येतं. ॲडमिशन लेटर आलं की एखाद्या कासेच्या वेबसाईटवर ऑनलाईन फॉर्म भरायचा, पासपोर्टचे डिटेल, फोटो. कासे मग युनिव्हर्सिटीला कॉम्प्युटरवरूनच कळवते की हा आमच्याकडे विमाधारक आहे, आणि तो मेसेज पोचल्याशिवाय युनिव्हर्सिटी ॲडमिशन पूर्ण करत नाही. प्रायव्हेटवाल्यालाही हा मेसेज लागतोच, "याला सूट आहे" असा, आणि तोही सरकारी कासेकडूनच घ्यावा लागतो. तिकडे पोचल्यावर पत्ता नोंदवायचा असतो दोन आठवड्यांच्या आत, मग बँक खातं, मग ते खातं कासेला द्यायचं म्हणजे दर महिन्याला पैसे आपोआप कटतात. फोटोवालं कार्ड पोस्टाने येतं. ते येईपर्यंत काही झालं तर कासेकडून तात्पुरतं पत्र मागता येतं, डॉक्टरला ते चालतं. दाराच्या पेटीवर स्वतःचं नाव चिकटवायला विसरू नका, नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो आणि पोरं महिनाभर कार्डाची वाट बघत बसतात.

हप्ता थकवला तर? दोन महिन्यांचे पैसे थकले की उपचार गोठवतात, फक्त दुखणं, अचानकचं आजारपण आणि गरोदरपण एवढंच बघतात. विद्यार्थ्याचे थकले तर कासे युनिव्हर्सिटीला कळवते आणि पुढच्या सेमिस्टरची नोंदणी अडकू शकते. थोडक्यात, फी एकवेळ उसनवारीत भागवा पण हा हप्ता नाही.

शिकता शिकता काम करणाऱ्यांचं पण बघू. महिन्याला ५५६ युरोपर्यंतची छोटी नोकरी, २०२५ चा आकडा, तिच्यातून आरोग्य विमा मिळत नाही. हॉटेलात भांडी घासली, गोदामात पॅकिंग केलं, त्यामुळे विमा झाला असं समजू नका, स्टुडंटचा हप्ता आपला आपल्याला भरायचाच आहे. कंपनीत वर्किंग स्टुडंट म्हणून लागला तर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांच्या आत राहिला तर स्टुडंट रेट कायम, त्या पगारातून आरोग्य विम्याचे वेगळे टक्के कटत नाहीत. त्याच्या वर गेला की तो नोकरदार धरला जातो.

आता नोकरदार. इथे सोपं आहे कारण बरंचसं काम कंपनीचा एचआरच करतो, तुम्ही फक्त कासे कोणती ते सांगायचं. रेट असा की मूळ १४.६ टक्के, त्यावर प्रत्येक कासेचा स्वतःचा जादा टक्का, २०२५ साठी सरासरी २.५ धरला होता, २०२६ साठी २.९. हे दोन्ही निम्मे तुम्ही, निम्मे मालक. शुश्रूषा विमा ३.६ टक्के, तोही निम्मा निम्मा, पण २३ च्या वरच्या आणि मूल नसलेल्या माणसाला ०.६ टक्के अजून, आणि ते पूर्ण त्याच्याच खिशातून. हो, मूल नाही म्हणून दंड, आपल्याकडच्या काकू फुकटात करतात ते काम तिकडे सरकार टक्के लावून करतं.

हिशोब करून बघा. महिना ४,००० युरो पगार, अजून मूल नाही, २०२५ चे आकडे. मूळ विम्याचे २९२, जादा टक्क्याचे ५०, शुश्रूषेचे ७२, आणि मूल नाही म्हणून वरचे २४. झाले ४३८ युरो, दर महिन्याला, पगार हातात यायच्या आधीच. मालक त्याच्या बाजूने ४१४ घालतो ते वेगळेच. टॅक्स आणि पेन्शन अजून यात धरलेलं नाही. म्हणून इकडे लग्नाच्या बोलणीत "मुलगा महिन्याला चार लाख कमावतो" असं सांगतात तेव्हा ते कटायच्या आधीचं असतं एवढं लक्षात असू द्या. पगार कितीही वाढला तरी टक्के मात्र एका मर्यादेपर्यंतच लागतात, २०२५ मध्ये महिना ५,५१२ युरो ५० सेंट. त्याच्या वरच्या पगारावर काही नाही.

मोठ्या पगारवाल्याला प्रायव्हेटची मुभा असते हे वर सांगितलंच. तरुणपणी ते स्वस्त पडतं, डॉक्टरची अपॉइंटमेंटही लवकर मिळते, हे खरं आहे. पण प्रायव्हेटमध्ये वय आणि तब्येत बघून हप्ता ठरतो, बायकोचा वेगळा, प्रत्येक मुलाचा वेगळा, आणि ५५ च्या पुढे सरकारीत परत येणं जवळजवळ बंदच.

सरकारीची खरी मजा इथे आहे. नोकरदाराच्या कार्डावर बायको किंवा नवरा आणि मुलं फुकटात बसतात. खरंच फुकटात, एक युरो जादा नाही. अट एवढीच की जोडीदार तिथेच राहायला हवा आणि त्याचं स्वतःचं उत्पन्न अगदी कमी हवं, २०२५ मध्ये महिना ५३५ युरोपर्यंत. फॅमिली व्हिसावर गेलेली सून पहिल्या दिवसापासून यात येते, लग्नाचा दाखला आणि एक फॉर्म, संपलं. ती तिकडे मास्टर्सला बसली तरी चालतं, वेगळा स्टुडंट हप्ता भरायची गरज नाही. गरोदरपणाच्या तपासण्या, बाळंतपण, नंतर घरी येऊन बघणारी दाई, हे सगळं यात आहे आणि बाळंतपणाला दवाखान्याचे रोजचे पैसेही लागत नाहीत. इथून डिंकाचे लाडू पाठवा फक्त.

आणि आता तो प्रश्न जो मला सगळ्यात जास्त विचारतात, आईबापांचं काय.

आईबाप यात बसत नाहीत. ईएसआयसीत कामगारावर अवलंबून असलेले आईवडील चालतात, त्यामुळे आपल्याला वाटतं तिकडेही चालतील, पण नाही, तिथे कुटुंब म्हणजे नवरा, बायको, मुलं. आईबाप तीन महिने फिरायला, नातू बघायला गेले तर त्यांना शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या फिरायच्या व्हिसासाठी, कमीत कमी ३०,००० युरोचा ट्रॅव्हल विमा काढावा लागतो, आणि तो अचानक काही झालं तरच्यासाठी. बापाची बीपीची गोळी, आईची शुगर, गुडघे, हे जुनं दुखणं त्यात सहसा धरत नाहीत. गोळ्या इथूनच तीन महिन्यांच्या बांधून न्या, डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत लिहून घ्या, त्यावर औषधाचं मूळ नाव असू द्या.

कायमचं न्यायचं म्हटलं तर, १ मार्च २०२४ नंतर पहिल्यांदा कुशल कामगाराचा परवाना मिळालेल्यांना आईबापांना बोलवायची सोय कायद्यात झालीये. ऐकून लोक खूश होतात. पण त्याला पूर्ण विमा दाखवावा लागतो, आणि ५५ च्या वरच्या माणसाला, जो आधी कधी त्या सरकारी विम्यात नव्हता, सरकारीत घेत नाहीत. राहिलं प्रायव्हेट, तिथे साठी ओलांडलेल्या शुगरवाल्या माणसाला एकतर नाही म्हणतात नाहीतर असा हप्ता सांगतात की पोराचा अर्धा पगार जाईल. त्यामुळे कागदावर दरवाजा आहे पण आत जाणारे थोडेच. मला हे बरोबर वाटत नाही, पोरगं तरुणपणाची सगळी वर्षं टक्के भरतं आणि त्याच्या आईला त्यातलं काही नाही, पण तिकडचे लोक म्हणतात की ज्यांनी आयुष्यभर भरलं त्यांच्याच म्हातारपणाला पैसे पुरत नाहीत, दरवर्षी टक्का वाढतोय, मग नवीन म्हातारे कसे घ्यायचे. तेही खोटं नाही म्हणा. भावाने आईला कायमचं न्यायचा विचार सोडला तो यामुळेच, आणि इथला मेडिक्लेम चालू ठेवला.

कार्ड मिळाल्यावर काय मिळतं? आधी घराजवळचा साधा डॉक्टर गाठायचा, आपल्याकडचा फॅमिली डॉक्टर असतो तसा. कार्ड टाकलं की झालं, फी नाही. तो स्पेशालिस्टकडे चिठ्ठी देतो, आणि मग वाट बघा. आपल्याला सवय अशी की सकाळी दुखलं, दुपारी जळगावला हाडांच्या डॉक्टरकडे, संध्याकाळी एक्स-रे आणि सलाईन. तिकडे त्वचेच्या डॉक्टरची तारीख दोन-दोन महिन्यांनी मिळते आणि तापाला सलाईन तर सोडाच, गरम चहा पी आणि झोप असं सांगून घरी पाठवतात. पोरं फोनवर रडकुंडीला येतात की इथे कोणी इंजेक्शनच देत नाही. ते दुर्लक्ष करत नाहीत, त्यांची पद्धतच ती आहे, खरंच मोठं काही निघालं, ॲपेंडिक्स, अपघात, कॅन्सर, तर त्याच कार्डावर लाखो रुपयांचा उपचार होतो आणि कोणी डिपॉझिट मागत नाही. रात्री-बेरात्री पण जीवावरचं नाही असं असेल तर ११६११७, जीवावरचं असेल तर ११२, हे दोन नंबर मोबाईलमध्ये टाकून ठेवा.

थोडे पैसे तरी लागतातच. डॉक्टरने लिहिलेल्या औषधाच्या किमतीच्या १० टक्के, पण कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त १० युरो. चिठ्ठी २०२४ पासून कार्डावरच येते, मेडिकलवर कार्ड दिलं की औषध. ॲडमिट झालात तर दिवसाला १० युरो, वर्षात २८ दिवसांपर्यंतच. आणि घराच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या २ टक्क्यांवर हे गेलं तर वरचं माफ, जुना आजार असलेल्याला १ टक्क्यावरच, मात्र पावत्या जपून ठेवाव्या लागतात आणि मागावं लागतं. पॅरासिटामॉलसारखी विनाचिठ्ठीची औषधं मोठ्या माणसाला स्वतःच घ्यावी लागतात.

दात आणि डोळे हे त्यातलं कमकुवत अंग. तपासणी, साधं भरणं होतं, पण कॅप बसवायची, ब्रिज करायचा तर साध्या उपचाराच्या ठरलेल्या खर्चाच्या ६० टक्केच कासे देते. दरवर्षी तपासणी करून छोट्या पुस्तिकेवर शिक्के घेतले तर पाच वर्षांनी ७०, दहा वर्षांनी ७५ टक्के. मोठ्या माणसाच्या चष्म्याला सहसा काही मिळत नाही. त्यामुळे जायच्या आधी दातांचं जे काही राहिलंय ते इथे उरकून घ्या, चष्म्याची एक जोडी जादा करून न्या, हे सगळ्यांनाच सांगतो.

नोकरदाराला आजारपणात पगार पण मिळतो. पहिले सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते, नंतर कासेकडून पगाराच्या ७० टक्के, पण हातात येणाऱ्या पगाराच्या ९० टक्क्यांच्या वर नाही. फक्त नवीन नोकरीत पहिले चार आठवडे कंपनीवर ही सक्ती नाही, त्या काळात कासे बघते.

दिवाळीला घरी आलात तर मात्र ते कार्ड इथे काही कामाचं नाही. युरोपात चालतं, भारतात चालत नाही. वणीला जाताना गाडी घसरली तर इथल्या दवाखान्याचं बिल तुमचंच. त्यासाठी तिकडेच परदेश प्रवासाचा विमा मिळतो, वर्षाचे फार पैसे नसतात, तो घेऊन या.

बाकी देशांचं थोडक्यात, कारण सगळेच जर्मनीला जात नाहीत. इंग्लंडमध्ये महिन्याचे टक्के नाहीत, व्हिसाच्या अर्जासोबतच आरोग्याचा सरचार्ज पूर्ण मुदतीचा एकदम भरून टाकायचा, फेब्रुवारी २०२४ पासून वर्षाला १,०३५ पाउंड, विद्यार्थ्यांना ७७६. आणि तिथे बायको, मुलं फुकट नाहीत, प्रत्येकाचा वेगळा भरायचा. नर्स वगैरे हेल्थ अँड केअर व्हिसावर गेलेल्यांना तो माफ आहे. जपानमध्ये तीन महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्या प्रत्येकाला विमा घ्यावाच लागतो, २०१२ च्या जुलैपासून हा नियम आहे, नोकरीतून मिळत नसेल तर तिथल्या नगरपालिकेत १४ दिवसांच्या आत जाऊन नाव घालायचं. जपानमध्ये डॉक्टरचं बिल शून्य येत नाही, ३० टक्के आपल्याला द्यावे लागतात. पण उत्पन्न नसलेल्या विद्यार्थ्याचा हप्ता कमी करून मिळतो, फक्त त्यासाठी "माझं उत्पन्न नाही" हे तिथे लिहून द्यावं लागतं, न लिहिता बसलं तर सवलत नाही.

जर्मनी सोडून परत येतानाचं राहिलं. पोरं सामान विकतात, रूम सोडतात, विमानात बसतात आणि कासेला सांगायचंच राहतं. नोकरी सुटली किंवा युनिव्हर्सिटीतून नाव कमी झालं तरी कासे तुम्हाला सोडत नाही, दुसरीकडचा विमा दाखवला नाही तर तीच तुम्हाला ऐच्छिक सभासद करून ठेवते, आणि उत्पन्न किती ते विचारणाऱ्या पत्राला उत्तर आलं नाही तर सगळ्यात वरच्या पगाराच्या हिशोबाने हप्ता लावते. तुम्ही इकडे एरंडोलला आणि तिकडे महिन्याला हजाराच्या आसपास युरोची थकबाकी चढतेय. पुढे परत जायचं झालं तर ते मागे लागतंच. म्हणून पत्ता काढून टाकल्याचा दाखला नगरपालिकेतून घ्या, तो आणि विमानाचं तिकीट कासेला पाठवा, आणि "सभासदत्व अमुक तारखेला संपलं" असं त्यांचं पत्र हातात आल्याशिवाय तिथलं बँक खातं बंद करू नका.